गुण आला

गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती. मानेला डाव्या बाजूनं, कानाच्या खाली चार बोटांवर. पदर सारखा करताना हाताला लागायची, एवढंच. दुखत नव्हती, वाढत नव्हती, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. लग्नघरात आलेल्या लांबच्या आत्यासारखी कडेला बसून होती. गंगासागरनं तिच्यासोबत उभा जन्म काढला असता. पण तिच्या नवऱ्याला, योगीराजला, बीडमध्ये दाढी करताना कुणीतरी सांगितलं की मानेला गाठ म्हणजे टी.बी. योगीराजचं तेलगावात किराणा दुकान. सुटं तेल, सुटा गूळ, सुटी हळद. घरात टी.बी. आहे अशी नुसती कुजबूज झाली असती तरी गावानं दुसऱ्या वाण्याची पायरी धरली असती. तेव्हा गाठ काढायची ठरली.

बीडच्या त्या खाजगी दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, ह्याला ऑपरेशन म्हणायलाही लाज वाटते. तेवढीच जागा बधिर करतो, गाठ काढतो, तपासायला पाठवतो. संध्याकाळच्या गाडीनं घरी जा."

तसंच झालं. टेबलावर पडल्या पडल्या तिला डॉक्टरचं बोलणं ऐकू येत होतं. केबलवाल्यानं मॅच ऐन रंगात आली असताना वायर कापली म्हणून तो नर्सबाईजवळ चिडत होता. मध्येच एकदा खांद्यातून बोटांपर्यंत सळकन वीज गेली आणि ती "आई गं" म्हणाली. "झालं, झालं," डॉक्टर म्हणाला, आणि पुन्हा केबलवाल्यावर गेला. संध्याकाळी एस.टी.त खिडकीशी बसून गंगासागरनं तिखटमीठ लावून पेरू खाल्ला. माहेराहून परतल्यासारखं वाटत होतं तिला.

रिपोर्ट आला. टी.बी. नाही. काहीच नाही. योगीराजनं त्या दिवशी दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला. कशाचा, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

जे काढलं त्यात काही निघालं नाही. जिथून काढलं तिथून मात्र एकेक निघायला लागलं.

आधी कान गेला. म्हणजे ऐकू येत होतं सगळं, सासूचं पुटपुटणंसुद्धा. पण कानाची पाळी तिची राहिली नाही. चिमटा काढला तरी कळेना. एकदा कानातली कुडी पडून गेली आणि तिला पत्ताच नाही, मुलगी शिवांजली म्हणाली, "आई, एकच घातलीस का गं आज?" तेव्हा समजलं. मग खांदा उतरला. आरशात पाहिलं की डावी बाजू खाली. पोलक्याची बाही घसरायची, पदर घसरायचा. घागर भरून दोरीनं खांद्याला बांधावी आणि सोडून द्यावी, तसं दिवसभर ओढायचं. रात्री माणूस घागर उतरवून ठेवतं. ही उतरत नव्हती. आणि हात? कमरेपर्यंत तिचा, छातीपर्यंत तिचा, त्याच्या वर कुणा दुसऱ्याचा. अंबाडा घालायला हात मागे जाईना. डोकं भिंतीला टेकून, वाकून, एका हातानं ती केसांचा कसाबसा गुंडाळा करायची. सासू म्हणायची, "चिमणीनं घरटं घातल्यावानी दिसायलंय."

त्यात दिवस असे आलेले की दुकानातला माल खाली बसायचा सोडून लटकायला लागला होता. पूर्वी पोती, डबे, कणग्या; सगळं हाताशी. आता शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, पानमसाल्याच्या माळा, कुरकुरीत कायकाय भरलेल्या पाकिटांच्या माळा. दाराच्या चौकटीला जणू रोजच दिवाळी. योगीराज दुपारी जेवायला आत गेला की दुकान तिच्याकडे, आणि गिऱ्हाईक नेमकं वरचं मागायचं.

"खालचं न्या की," ती म्हणायची.

"खालचं वास मारतंय," बायका म्हणायच्या. दोन्हीचा वास एकच, पण टी.व्ही.वर वरचं दाखवत होते.

बीडचा डॉक्टर तिला बघून म्हणाला, "जखम तर छान भरलीय." मग म्हणाला, "माझं बोट दाबा." तिनं दाबलं. "अहो, मोडाल की बोट. ताकद तर भरपूर आहे." तिनं सांगितलं, डॉक्टर, दाबायचं नाही हो, उचलायचं होत नाही. त्यानं फोटो काढायला लावला. फोटोत हाड पांढरंशुभ्र, कुणाच्याही स्थळाला दाखवावं असं. मग गावातल्या डॉक्टरनं गारठा सांगितला आणि कमरेत इंजेक्शन दिलं. दुसऱ्यानं कॅल्शियम सांगितलं. तिसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात म्हणाले, खांदा आखडलाय, भिंतीवर बोटं चढवत न्या, रोज थोडी वर. तिनं हिवाळाभर स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चढवली. बोटांचा कोळी अर्ध्या भिंतीपर्यंत जायचा आणि गळून पडायचा. तिथं भिंतीला तेलकट रेघ उमटली, तिच्या पलीकडे एक बोट कधी गेलं नाही.

शेवटी योगीराज तिला परत बीडला घेऊन गेला. ह्या वेळी डॉक्टरनं तिला बाहेर बसवलं आणि नवऱ्याशी बोलला. दार नीट लागलं नव्हतं.

"घरात काही टेन्शन आहे का ताईंना? सासू वगैरे? मुलगा नाही म्हणून कोणी बोलतं का? कधी कधी मनाचं दुखणं शरीरात उतरतं. गोळ्या देतो, झोप लागेल."

परतीच्या गाडीत वडवणी मागे पडली. मग योगीराज बोलला, खिडकीकडे बघत.

"तुला आमच्या घरात काय कमी हाय?"

"मी कवा म्हनलं कमी हाय?"

"मग डॉक्टर कावून इचारतोय मला? आईचं नाव काढलं त्यानं. माझ्या आईचं."

"मी काही सांगितलं न्हाई त्याला."

"तू न्हाई सांगितलं. तुझा हात सांगतोय."

योगीराज वाईट माणूस नव्हता. तिच्या गोळ्या विसरत नव्हता, मारझोड नाही, दारू नाही. पण त्या दिवसापासून ती "दुखतंय" म्हणाली की तो आधी तिच्या तोंडाकडे बघायचा, खोट्या नाण्याकडे बघावं तसं, आणि मग खांद्याकडे. आधी खांद्याकडे बघणारं एक माणूस तिला हवं होतं. तेवढंच. बरं नाही झालं तरी चालेल, इथपर्यंत ती आली होती. पण कुणीतरी म्हणावं की होय बाई, हे आहे.

आता तिच्या सासूचं, केशरबाईंचं. डॉक्टरनं नाव घेतलं खरं, पण ह्या दुखण्यात गंगासागरच्या खांद्याला कुणाचा हात लागला असेल तर त्या म्हातारीचा. रोज दुपारी भांडी आवरली की केशरबाई कोमट तेलाची वाटी घेऊन बसायच्या. "बस हितं," म्हणायच्या. चोळताना तोंड चालूच. "ह्या वयात मी तुला चोळायचं का तू मला? उलटी गंगा नाव ठिवायला पायजे व्हतं तुझ्या बापानं." पण अंगठा नेमका तिथं फिरायचा, जिथं ओढ लागलेली असे. ते तेवढे तेलाचे क्षण सोडले तर दिवसात सावली नव्हती.

केशरबाईंचा डॉक्टरांवर राग नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की डॉक्टर चुकीच्या जागी शोधतायत.

घर लिंगायताचं. बारशाच्या आधी गळ्यात आलेलं लिंग सरणापर्यंत अंगावरून उतरत नाही. सकाळी अंघोळ झाली, कपाळाला विभूती लागली, की चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि मग तो तळहात वर डोळ्यांसमोर धरून बघत बसायचं. त्यानंतर चहाचा घोट. उजव्या हातानं पूजा, डाव्या हातात देव. केशरबाईंच्या सत्तर वर्षांत ह्यात खाडा नव्हता, बाळंतपणात नाही, प्लेगाच्या... प्लेग त्यांच्या आईच्या वेळचा, पण त्या आपलाच सांगायच्या.

आणि बीडला त्या दिवशी नर्सबाई म्हणाली होती, गळ्यातलं सगळं काढा. मंगळसूत्र गंगासागरनं काढून बाहेर नवऱ्याकडे पाठवलं. लिंग देईना. नर्स म्हणाली, बाई, दोरा बरोबर तिथंच येतोय, कात्री तिथंच चालवायचीय. आणि तिनंच दोरा डोक्यावरून काढला, डबी कात्र्या-चिमट्यांच्या ट्रेमध्ये ठेवली. काम झाल्यावर परत घातली. गंगासागरला ते घरी सांगायचं सुचलं नाही. लक्षात आलं तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही.

ते बाहेर पडलं फाल्गुनात. सकाळी पूजा करताना ती लिंग डोळ्यांसमोर न्यायला बघत होती. खांद्यातली ओढ वाढत गेली, हात कापायला लागला. तिनं उजव्या हातानं डाव्या कोपराला टेकू द्यायला घेतला, तेवढ्यात तळहात कलला. लिंग फरशीवर पडलं, टण्‌कन नाही, बारीकसा आवाज झाला, आणि घरंगळत ज्वारीच्या कणगीखाली गेलं.

केशरबाई दारात होत्या. त्या ओरडल्या नाहीत. गुडघे टेकून, कणगीखाली हात घालून त्यांनी ते काढलं, पदरानं पुसलं, कपाळाला लावलं. मग खाली बसूनच विचारलं, "गंगे, खरं सांग. बीडला काय झालतं?"

तिनं सांगितलं. ट्रेचंसुद्धा.

"कात्रीजवळ?"

"हां."

म्हातारीनं लिंग पदरानं पुन्हा एकदा पुसलं. मग जणू गणित सुटलं. "मग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "ज्या हातावर बसायचं त्योच हात गेला. डॉक्टरला कसं सापडंल? फोटोत येतंय व्हय हे?"

गंगासागरला त्या दिवशी काय वाटलं म्हणाल तर सुटका वाटली. देव पडल्याची भीती होतीच. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की हात खरंच गेलाय. कारण कुठलंही असो.

केशरबाईंनी त्याच दिवशी चप्पल सोडली. सुनेचा हात वर जाईपर्यंत पायात घालणार नाही, असं देवासमोर बोलल्या. योगीराज म्हणाला, "आई, उन्हाळा हाय." त्या म्हणाल्या, "मग काय देवाला हिवाळ्यात बोलावू?" चैत्राची जमीन, वैशाखाची जमीन. पिठाच्या गिरणीला, मळ्यात, मठात, सगळीकडे अनवाणी. टाचांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त. संध्याकाळी त्या ओसरीवर बसून भेगांत मेण भरायच्या आणि सुनेला विचारायच्या, "हाय का गं काही कमी?"

"हाय तसंच हाय, आत्याबाई."

"असू दे. असू दे." आणि दुसऱ्या टाचेला हात घालायच्या.

राजेश्वर स्वामी परळीकडच्या मठातून आले. म्हातारे, दम्याचे, बोलताना मध्ये थांबणारे. सगळं ऐकून घेतलं. त्यांनी बरं होईल असं काही सांगितलं नाही, हे खरं तेच सांगायला हवं. ते म्हणाले, "पुन्हा दीक्षा देऊ. मनाला खात असंल तर तेवढं तरी जाईल." पण केशरबाईंनी त्यातलं हवं तेवढंच ऐकलं, आणि भाऊबंदांना निरोप गेले.

घर माणसांनी भरलं. अंगणात मांडव, पुरणाचा वास, बायकांची गर्दी. गंगासागरला पाटावर बसवलं. मंत्र झाले, गळ्यात नवा दोरा आला. स्वामींनी लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि खुणेनं सांगितलं, वर धर.

सगळं घर त्या हाताकडे बघत होतं. योगीराज खांबाला टेकून उभा होता आणि बघत होता, ह्या वेळी तोंडाकडे नाही, खांद्याकडे. केशरबाई पाटाच्या शेजारीच बसल्या होत्या, पाय पुढे पसरून, कारण दुमडले की टाचा तडकायच्या. लुगड्याच्या काठाखाली त्या टाचा तिला दिसत होत्या. काळ्या भेगा, त्यांत पिवळं मेण.

हात छातीपर्यंत गेला. तिथं नेहमीसारखा संपला. कोपर तिनं बरगडीला घट्ट लावलं. आणि मग तिनं मान खाली घातली, पाठ वाकवली, इतकी की तिचे डोळेच लिंगापाशी गेले. वर गेलं नाही ते, ती खाली आली. लांबून पाहणाऱ्याला भक्तीच वाटावी. बायकांत "अगं बाई, बग, बग" अशी लाट गेली.

स्वामींनी हळूच विचारलं, "कसं वाटतंय, माय?"

खांद्यातून सुरी फिरत होती. तिला केशरबाईंच्या टाचा दिसत होत्या.

"हलकं वाटतंय," ती म्हणाली.

योगीराज सगळ्यांसमोर रडला. पुरुषमाणूस, उपरणं तोंडाला लावून. कुणीतरी केशरबाईंच्या चपला आणल्या. त्या घालेनात, मग लाजत लाजत घातल्या, नव्या नवरीसारख्या. स्वामी मात्र क्षणभर गंगासागरकडे बघत राहिले. दम्याची उबळ आली त्यांना, आणि मग पंगत बसली.

खोटं बोलायला दोन शब्द लागले होते. ते सांभाळायला सगळा दिवस लागायचा. सकाळपासून. हात वर न्यायची एक युक्ती तिनं शोधली: कंबरेला हिसका द्यायचा, अख्खं अंग उजवीकडे टाकायचं, की डावा हात दोरी ओढल्यासारखा वर उडतो आणि बोटात बरणी, माळ, जे काय असेल ते येतं. मग ते पटकन खाली. बघणाऱ्याला बाई जरा झोकात काम करते असं वाटायचं. योगीराज गमतीनं म्हणायचा, "आमची गंगा आता नाचत माल काढती." त्या प्रत्येक हिसक्यानंतर ती पोत्यांच्या मागे जाऊन भिंतीच्या गारव्याला खांदा लावायची, दात दाबून.

आणि दुपारची तेलाची वाटी बंद झाली. बऱ्या झालेल्या हाताला कोण चोळतं? पहिल्या दिवशी भांडी आवरून ती सवयीनं ओसरीवर जाऊन बसली. केशरबाई म्हणाल्या, "काय गं, बसलीस?" ती म्हणाली, "काही न्हाई," आणि उठली. हे तिनं धरलेलं नव्हतं. खोटं बोलताना माणूस सगळा हिशेब करत नाही.

गोष्ट पसरली. केशरबाई ज्याला त्याला सांगायच्या, आणि सांगताना हात दर वेळी थोडा थोडा वर जायचा. भाद्रपदापर्यंत तो पार आढ्याला टेकला होता.

दिवाळी झाली आणि आष्टीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या. एका दुपारी योगीराज जेवायला आत गेलेला, आणि पायरीवर एक बाई येऊन टेकली. उजवा पाय लांब सोडून, जरा तिरकी. नाव वत्सलाबाई. वय गंगासागरएवढंच असेल, उन्हानं पुढं गेलेलं. तिनं चहापत्तीची पुडी मागितली, मग वरच्या फळीवरच्या बरणीतला खडीसाखरेचा तुकडा मागितला. गंगासागरनं हिसका देऊन बरणी काढली. वत्सलाबाई बघत राहिली.

"त्यो हात ह्योच का वो, वाणीणबाई?"

"कुठला?"

"स्वाम्यानं बरा केलेला. टोळीत बाया बोलत्यात." ती पायरीवर थोडी सरकली. "मला बी तसंच हाय. हात न्हाई, पाय. लेकरं बंद करायचं ऑपरेशन केलं शिबिरात. दोन टाके. लई काही न्हाई म्हनले, दुसऱ्या दिशी कामाला लाग. तवापासून ह्या मांडीत इस्तू हाय, निस्ता जाळ. बसलं तरी, निजलं तरी. मोळी उचलली की पाय माझा ऱ्हात न्हाई."

"डॉक्टर?"

"त्ये म्हनत्यात काही न्हाई. टाका बेस हाय म्हनत्यात." ती हसली. "नवरा म्हनतो, काम नको तुला, म्हनून मांडी काढतीस. म्या म्हनलं, काढून ठिवता आली असती तर तुलाच दिली असती."

गंगासागर हसली. हसता हसता तिला जाणवलं की ती किती महिन्यांत हसली नव्हती.

वत्सलाबाईनं आवाज खाली आणला. "मला एक सांगा. त्या येळंला आतून काय झालं वो? गरम झालं का, गार झालं? कळलं का तुमाला, आता गेलं म्हनून?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. बरी झालीस का, एवढंच विचारायचे. आतून काय झालं, ते नाही. गंगासागरनं मागे पाहिलं. आतून योगीराजच्या भुरक्याचा आवाज येत होता. ती गल्ल्याच्या बाजूनं पुढे आली, पायरीच्या वर उकिडवी बसली, आणि तिचं तोंड आपोआप त्या बाईच्या कानाशी गेलं.

"काहीच झालं न्हाई."

"आं?"

"गेलं न्हाई, वत्सलाबाई. हाय तसंच हाय. आत्ता तुमच्याशी बोलताना बी दुखायलंय. सासूनं पायताण सोडलं व्हतं, तिच्या टाचा फुटल्या व्हत्या. मी आपलं हलकं वाटतंय म्हनलं. कुणाला सांगितलं न्हाई अजून. तुमालाच सांगायले."

एवढं मोकळं तिला त्या मांडवातसुद्धा वाटलं नव्हतं.

वत्सलाबाईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू मिटलं. ती रागावली नाही. तिनं चहापत्तीची पुडी पदराच्या टोकाला बांधायला घेतली.

"असू द्या," ती म्हणाली. "सरळ म्हनायचं की, तुमचा देव तुमच्या लोकायला हाय म्हनून. आमी काय भांडनार हाओत? आमाला सवय हाय. एवढं खोटं कावून बोलायचं?"

"माय, देवाशप्पथ खरं सांगायले—"

"राहू द्या."

"हे बग." गंगासागरनं हात उचलायला घेतला, युक्तीशिवाय, खराखुरा. तो छातीपाशी आला, थरथरला, पडला. "बग. दिसलं?"

वत्सलाबाईनं तिच्याकडे पाहिलं, तोंडाकडे. खांद्याकडे नाही. "मघाशी बरणी तुमीच काढली," ती शांतपणे म्हणाली. "मी काय आंधळी हाय का?"

आता तिला ते हिसक्याचं, कंबरेचं, पोत्यांमागच्या भिंतीचं कसं सांगायचं? कुठून सुरू करायचं? वत्सलाबाई जिथल्या तिथं हात टेकून उठत होती, त्या उठण्यात अपमान घेतलेल्या माणसाची घाई होती, आणि उजवा पाय त्या घाईला साथ देत नव्हता. ते पाहून गंगासागरला राहवलं नाही.

"थांबा," ती म्हणाली.

ती आत गेली. देवघरातल्या डबीतली चिमूटभर विभूती कागदावर घेतली, पुडी बांधली, बाहेर येऊन वत्सलाबाईच्या हातावर ठेवली.

"स्वामींच्या मठातली हाय. निजताना मांडीला लावा."

वत्सलाबाईचा चेहरा उजळला. गंगासागरला त्या उजळण्याकडे बघवेना.

"गुण यील?"

"यील."

"मग मघाशी तसं कावून बोलला?"

"कुणाला बी देत न्हाईत म्हनून."

"व्हय," वत्सलाबाई म्हणाली, आणि ह्यावर तिचा लगेच विश्वास बसला. पुडी कपाळाला लावली. "माझं बोलनं मनावर घिऊ नका बरं. दुखन्यानं माणूस किरकिरं व्हतंय." आणि ती कोप्यांच्या वाटेनं गेली.

योगीराज हात पुसत बाहेर आला. "कोन व्हती?"

"गिऱ्हाईक."

हंगामभर वत्सलाबाई पुन्हा दुकानात आली नाही. बाजाराला दुसऱ्याच बाया यायच्या. गंगासागर रोज त्या वाटेकडे बघायची आणि आली नाही की तिला बरंही वाटायचं. चैत्रात कारखाना बंद झाला, टोळ्या परतायला निघाल्या. गाड्यांवर भांडी, कोंबड्या, लेकरं, वर बाया. एक गाडी दुकानासमोर थांबली आणि वत्सलाबाई खाली उतरली. गाडीवाल्याला तंबाखू हवी होती. केशरबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांना पुडीचं कळलेलं होतंच. अशा गोष्टी म्हातारीला कोण सांगायचं, देव जाणे.

"काय गं," त्यांनी हाक मारली, "आला का गुण?"

वत्सलाबाईनं गंगासागरकडे पाहिलं. गंगासागर तंबाखूची पुडी हातात धरून उभी होती, नकळत दोन पावलं पुढे आलेली.

"आला की, आज्जी," वत्सलाबाई म्हणाली. "लई फरक हाय. ह्यांचा हात लागला अन्‌ तवापासून इस्तू इझला."

"मी म्हनलं नव्हतं?" केशरबाई कुणाला तरी म्हणाल्या.

"बरं झालं," गंगासागर म्हणाली.

"बरं झालं," वत्सलाबाई म्हणाली.

मग ती गाडीकडे गेली. डावा पाय चाकाच्या आऱ्यावर ठेवला, वरची दोरी धरली, आणि लुगडं सारखं केल्यासारखं करत उजव्या मांडीखाली तळहात घातला. पोतं उचलावं तसा तो पाय तिनं उचलून गाडीत ठेवला. सगळं इतक्या सफाईनं, की शेजारी बसलेल्या बाईनं मानसुद्धा वळवली नाही. गंगासागरनं ते ओळखलं. ओळखणारच. ती विद्या आता तिच्यापासून काय लपणार होती? आणि हेही ओळखलं, की खोटं तिच्यासाठी बोललं गेलं, कुणीतरी हौसेनं दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत म्हणून. बैल चालायला लागले. धावून जाऊन एवढंच म्हणावं असं तिला वाटलं: मला दिसलं गं, मला दिसलं. पण धावायला हात हलवावे लागतात, आणि ओसरीवर केशरबाई होत्या.

गाडी कारखान्याच्या वळणापर्यंत दिसत होती. वत्सलाबाईनं मागे वळून पाहिलं नाही.

"तुझ्या हाताला यश हाय, गंगे," केशरबाई म्हणाल्या. सुपातला खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. "शेजारच्या सत्यशीलाचं डोकं उठतंय चार महिनं झालं. दात काढल्यापासून. डॉक्टर म्हनतो काही न्हाई. तिला बी द्यावी एक पुडी."

गंगासागर म्हणाली, "देते."